न बांधलेल्या शेडचं पाणी

काल दुपारी माझ्या गाडीच्या शेडचं पाणी शेजारच्या काकाजींच्या अंगणात शिरलं. पावसाळ्याला अजून अवकाश आहे आणि शेड फक्त कागदावर आहे, पण काकाजींच्या दृष्टीनं हे किरकोळ तपशील आहेत.

मानेवाड्याकडल्या आमच्या लेआउटमध्ये घरापुढं गाडीपुरती जागा आहे आणि वर उघडं आभाळ आहे. नागपूरचं आभाळ मे महिन्यात काय करतं हे सांगायला नको. 23 मे 2013 ला इथं 47.9 अंश नोंदले गेले. 2024 च्या मे अखेरीस एका स्वयंचलित यंत्रानं तर 56 दाखवले. मग हवामान खात्यानं खुलासा केला की सेन्सर बिघडला होता. दुपारी तीन वाजता उघड्यावरच्या गाडीचं स्टिअरिंग धरलेला एकही माणूस मला त्या खुलाशावर विश्वास ठेवणारा भेटला नाही. तर खाली काँक्रीटचा स्लॅब, वर पत्रे, माप 12 बाय 18 फूट, बजेट लाखाच्या आत, असं मी आणि बायकोनं चहा पिता पिता ठरवलं. घर आमचं, गाडी आमची, पैसे आमचे.

मिस्त्री आला आणि जागेकडं पाठ करून रस्ता बघत उभा राहिला. आमच्यापुढचा रस्ता पूर्वी डांबराचा होता आणि घरापेक्षा खाली होता. मग तो सिमेंटचा झाला. जुना उकरण्याची तसदी न घेता त्याच्यावरच नवा ओतला, आणि रस्ता फाटकापेक्षा फूटभर वर गेला. आता रस्त्यावरचं पाणी आमच्याकडं पाहुणं येतं. 23 सप्टेंबर 2023 ला अंबाझरी तलावाचं पाणी वस्त्यांत घुसलं तेव्हा गाड्यांची काय गत झाली ते साऱ्या शहरानं मोबाइलवर पाहिलंय. त्यामुळं ‘राहू द्या स्लॅब खालीच’ म्हणायची छाती होत नाही. स्लॅब फूटभर उचलायचा म्हणजे 216 घनफूट मुरूम, शिवाय तो धुम्मसानं ठोकून दाबल्यावर बसतो म्हणून वरून आणखी. त्याच्याआधी खालची काळी माती काढायची, कारण ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचा स्लॅब तडकवते. रस्ता उंच करणाऱ्यानं त्याचं बिल केव्हाच उचललं असेल. त्या उंचीचं उरलेलं बिल फाटकाच्या आतल्यानं भरायचं, ते कुठल्याच एस्टिमेटमध्ये त्याच्या नावावर पडत नाही.

हिशेब मीही करून ठेवला होता. पाच इंच जाडी धरली तर 90 घनफूट काँक्रीट. एम-20 दर्जाचं मिश्रण घेतलं तर सिमेंटची वीसेक पोती, गिट्टी पाऊण ब्रास (ब्रास म्हणजे 100 घनफूट) आणि रेती अर्ध्या ब्रासपेक्षाही कमी. मिस्त्रीच्या कागदावर रेती दोन ब्रास, गिट्टी दोन ब्रास.

“अर्धा ब्रास कोण आणून देते भाऊ? कन्हानची रेती हाय. उरली तं कामात येते.”

कोणाच्या, ते त्यानं सांगितलं नाही. सिमेंटवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्क्यांवर आला, ही बातमीही त्याच्या कागदापर्यंत पोचलेली नव्हती.

शेडवाला मात्र हसतमुख. दर 300 रुपये फूट. मी मनात 216 नं गुणून खूश झालो, तर त्यानं लिहिलं 84 हजार. पत्रा चारी बाजूंनी एकेक फूट बाहेर काढावा लागतो म्हणे, म्हणजे 14 बाय 20, म्हणजे 280 फूट. जादाच्या 64 फुटांखाली माझी गाडी नसणार, नुसती हवा असणार, पण तिलाही 300 चाच दर. पत्रा किती मिलिमीटर जाडीचा, तर ‘पॉइंट फाइव्ह’. त्या जाडीत वरचा रंगही धरलाय का, असं विचारल्यावर तो पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघायला लागला. मग म्हणाला, “बिल पायजे का सर? मंग अठरा टक्के वेगळे.”

इतक्यात काकाजी आले. अंगात बनियान, कमरेला पायजमा, हातात स्टीलचा टेप. सरकारी ओव्हरसियर म्हणून निवृत्त होऊन त्यांना बराच काळ झाला, पण इन्स्पेक्शन सुटलेलं नाही. लेआउटमध्ये कुणाकडं विटांचा ट्रॅक्टर लागला की काकाजी त्याच्याआधी हजर असतात.

“काऊन गा, शेड करून रायला म्हणे?”

“हो काकाजी, छोटंसंच.”

“ढाळ कुणीकडं?”

शेडवाल्यानं अगदी निरागसपणे डावीकडं हात केला. डावीकडं काकाजींची भिंत.

“म्हणजे माह्या घरात पाणी सोडून रायले तुम्ही.”

“काकाजी, अजून शेडच नाहीये.”

“म्हणून तं आत्ता सांगून रायलो. झाल्यावर सांगतलं तं तूच म्हणशीन, आधी काऊन नाही बोलले?”

याला उत्तर नाही. तुम्ही शोधून बघा.

काकाजींनी घराकडं तोंड करून हाक मारली, “अवं, गडूभर पाणी आन!” काकूंनी भिंतीवरून गडू दिला. मला वाटलं तहान लागली असेल, ऊनही तसंच होतं. काकाजी माझ्या व्हरांड्यातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर चढले. खुर्चीचा एक पाय आधीच वाकडा आहे, म्हणून मिस्त्रीनं एका बाजूनं आणि मी दुसऱ्या बाजूनं ती धरली. शेडवाल्याला त्यांनी पत्र्याची उंची विचारली, टेप लावला, आणि बरोब्बर त्या उंचीवर हात नेऊन गडू भिंतीपलीकडं पालथा केला. पाणी धबकन त्यांच्याच गोडलिंबाच्या बुडात पडलं.

“पाह्य! झाड सडन का नाही सडणार?”

“काकाजी, तुम्ही हात भिंतीपलीकडं नेला!”

“मंग? पत्रा नाही येत का एक फूट पलीकडं? इचार तुह्या शेडवाल्याले.”

शेडवाला आता आपल्या चपला बघत होता. “हाव,” तो म्हणाला, “थोडा जाईन.”

म्हणजे ज्या हवेचे मी पैसे मोजणार होतो, तिच्यातली डावीकडची पट्टी माझी नव्हतीच, काकाजींची होती. मी तोंड उघडणार, तेवढ्यात शेडवाल्यानं मार्ग काढला: त्या बाजूला पन्हाळ लावून देतो, रनिंग फुटाचा रेट, पाइप वेगळा. काकाजींनी मान डोलावली, आणि मंजूर झालं. कुणाच्या खिशातून, हा प्रश्न सभेपुढं आलाच नाही.

“पाइप कुठं सोडणार?” काकाजी, अजून खुर्चीवरूनच.

“समोर रस्त्यावर.”

“रस्ता उंच हाय.”

आम्ही चौघांनी रस्त्याकडं पाहिलं. रस्ता होता तिथंच होता, वर.

“शोषखड्डा कर,” काकाजी म्हणाले. “तीन बाय तीन, खोल बी तीन. पाणी जिरलं पायजे.”

“गिट्टी उरनच ना,” मिस्त्री म्हणाला. इतक्या गोड आवाजात तो अख्ख्या दुपारी बोलला नव्हता.

एवढ्यावर ते उतरतील असं वाटलं, पण काकाजींनी गडू माझ्या हातात दिला आणि विचारलं, “आन वारा?” नागपूरचा बेसिक विंड स्पीड, म्हणजे बांधकामात धरायचा वाऱ्याचा वेग, सेकंदाला 44 मीटर, हे त्यांनी पाढा म्हणावा तसं म्हटलं. चारी बाजूंनी उघडं शेड म्हणजे वारा खालून घुसतो आणि पत्रा वर उचलतो. पाच इंचाच्या स्लॅबमध्ये खांबाचे बोल्ट ठोकलेस तर वळवाच्या पहिल्या वादळात बोल्टासकट शेड रिंगरोडवर. तेव्हा प्रत्येक खांबाखाली वेगळं फुटिंग, म्हणजे जमिनीत काँक्रीटचा पाया हवा. खांब सहा, म्हणजे खड्डे सहा.

आणि खरी चीड इथं आहे. काकाजी बरोबर बोलत होते. बोल्टांचं बरोबर, वाऱ्याचं बरोबर, ढाळाचंही बरोबर. मूर्ख माणसानं खर्च वाढवला तर निदान चारचौघांत सांगून मन हलकं करता येतं. इथं तीही सोय नाही. शिवाय एवढं सगळं जाणणाऱ्या माणसाला, सरकारी टेप हातात असताना, पुढचा रस्ता वर चढत होता तेव्हा ढाळ दिसला नाही का? मी हे विचारलं. ते म्हणाले, “थो माह्या डिपार्टमेंटचा नव्हता,” आणि खुर्चीवरून उतरले.

रात्री बेरीज केली. एक लाख 82 हजार, पक्कं बिल धरून. बायकोनं कागद नीट वाचला. रस्त्यासाठी मुरूम, शेजाऱ्यांसाठी पन्हाळ, पन्हाळीसाठी शोषखड्डा, वाऱ्यासाठी फुटिंग, सरकारसाठी 15 हजार 120. गाडीसाठी यात नेमकं काय आहे, असं तिनं विचारलं. मग तीच म्हणाली, यंदा स्लॅब आणि फुटिंग करून घेऊ, पत्रे पुढच्या वर्षी.

सकाळी काकाजींना हे सांगितलं तेव्हा ते खूश झाले. पत्रा नाही म्हणजे पाणी नाही. या उन्हात क्युरिंग, म्हणजे स्लॅबवर पाणी मारणं, दहा दिवस लागते, ते मी जातीनं पाहीन, असंही म्हणाले. पाणी माझ्या बोअरचं.

काकू त्यांच्याहून खूश आहेत. एवढा सपाट, स्वच्छ, दिवसभर उन्हातला स्लॅब लेआउटमध्ये दुसरा नाही, म्हणून कुरोड्या आणि सरगुंडे वाळवायला त्यांनी तो आताच सांगून ठेवलाय. मागच्या गल्लीतल्या दोघींनीही निरोप पाठवलाय. तेवढे दिवस गाडी समोरच्या कडुलिंबाखाली लावा म्हणाल्या, आणि खांबांसाठी सोडलेले बोल्ट कापू नका. जुन्या लुगड्यांची टोकं त्यांना बांधली की वारा कितीही सुटला तरी कुरोड्या उडत नाहीत.