दारापुढची दहा फूट जागा

माझी जुनी मारुती ओम्नी दारापुढच्या कडुनिंबाखाली अकरा वर्षे उभी होती आणि तिला तेथून हलवावे, असे माझ्यासह कोणालाही कधी वाटले नव्हते. मात्र 2 ऑक्टोबरला गणपूर्तीअभावी तहकूब झालेली ग्रामसभा पुन्हा भरली, तेव्हा गल्लीत वाहन उभे करणाऱ्या रहिवाशाने वर्षाला 300 रुपये भरून ग्रामपंचायतीचा परवाना घ्यावा, असा ठराव झाला. (गणपूर्तीसाठी 100 मतदार किंवा एकूण मतदारांच्या 15 टक्के, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसे लागतात. सोयाबीन काढणीच्या दिवसांत तेवढी माणसे फक्त वावरात सापडतात. तहकूब सभेला मात्र ही अटच नसते.)

निवृत्त शिक्षक असल्यामुळे अर्ज लिहिण्याची मला मुळातच हौस आहे. घराचा नमुना आठचा उतारा, घरपट्टीची पावती, गाडीचे आरसी बुक आणि समोरच्या आबाजींचे ना-हरकत पत्र जोडून मी अर्ज दिला, आणि पाचव्या दिवशी तो परत आला. घर वडिलांच्या नावावर, गाडी माझ्या नावावर, आणि वडिलांना जाऊन नऊ वर्षे झालेली. ज्यांना परवापर्यंत ग्रामसेवक म्हणत होतो आणि आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणावे लागते, त्या साहेबांनी मला अत्यंत अदबीने समजावले की, ज्यांचे घर आहे त्यांच्याकडे वाहन नाही आणि ज्यांचे वाहन आहे त्यांना घर नाही, तेव्हा परवाना द्यायचा तरी कोणाला? वारसनोंदीत तीन महिने गेले. दोन्ही भावांनी मुकाट्याने सह्या केल्या. बहिणीने मात्र संमतीच्या बदल्यात दरवर्षी लोणच्याच्या दोन बरण्या कबूल करून घेतल्या.

फेब्रुवारीत परवाना मिळाला. पिवळे कार्ड, गोल शिक्का, ‘घरासमोर लांबी दहा फूट’ अशी स्पष्ट नोंद. ते मी काचेला आतून चिकटवले आणि एका लग्नासाठी बाहेरगावी गेलो. परतलो तेव्हा निंबाखाली आबाजींची बैलबंडी उभी होती आणि तिच्यावर कापसाच्या पऱ्हाटीचे भारे रचलेले होते.

मी कार्ड दाखवले. आबाजींनी ते उलटसुलट करून पाहिले. “मास्तर, हा कागद तुमच्या गाडीचा आहे, जाग्याचा नाही. जागा तं निंबाची आहे, अन् निंब माह्या बुढ्यानं लावला.”

मी त्यांचेच ना-हरकत पत्र पुढे केले.

“मले हरकत नाहीच! पण बंडी ठेवणार नाही, असं कोठी लिहेलं आहे?”

तसे खरोखरच कोठेही लिहिलेले नव्हते. ग्रामपंचायतीत तक्रार केली, तेव्हा कळले की ठराव यंत्रावर चालणाऱ्या वाहनांपुरता आहे. बंडीला परवाना लागत नाही, सबब परवान्याचा भंगही तिच्याकडून होऊ शकत नाही. दरम्यान शाळेच्या भिंतीलगत नाइलाजाने उभ्या केलेल्या माझ्या ओम्नीला परवान्यातील जागा सोडल्याबद्दल नोटीस आली. मी मोटार वाहन कायदा, 1988 वाचायला घेतला आणि तेथेच फसलो, कारण कलम 127 प्रमाणे सार्वजनिक जागी 10 तास किंवा अधिक काळ बेवारस उभे असलेले वाहन उचलून नेता येते. तेव्हापासून दर नऊ तासांनी, रात्री दोनचा गजर लावूनही, मी गाडी वीतभर पुढे आणि वीतभर मागे घेत होतो. मास्तरांना झोपेचा विकार जडल्याचे गावात पसरले, आणि ते खोटेही नव्हते.

मग 10 रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून, गल्लीत बैलबंड्या उभ्या करण्याबाबतचे सर्व नियम माहितीच्या अधिकारात मागवले. कायद्याने दिलेल्या 30 दिवसांपैकी 29 दिवस पुरेपूर वापरून उत्तर आले: ‘माहिती निरंक.’

तोवर 31 मार्च उजाडला आणि परवान्याची मुदत संपली. नूतनीकरणाला नवे ना-हरकत पत्र लागते. आबाजींनी मला चहा पाजला, या खेपेला चष्मा लावून कागद दोनदा वाचला, सही केली आणि सहीखाली सावकाश दोन शब्द वाढवले: ‘निंब सोडून’.