तांदळात नाव लिहून घ्या, लग्नाचं मग बघू

तुम्ही वीस-पंचवीस देशांची संघटना चालवत असाल, आणि शेजाऱ्यांना आत घेता घेता थोडी लोकशाहीही शिकवावी असा मानस असेल, तर आधी युरोपीय संघाच्या घरचे कांदेपोहे खाऊन या. स्थळ झुलवावं कसं, ते तिथे बघायला मिळेल.

पहिल्यांदा अटी घाला. त्यांनी १९९३ साली कोपनहेगनला घातल्या : लोकशाही, कायद्याचं राज्य, अल्पसंख्याकांचे हक्क. अटी अशाच भारदस्त हव्यात. मुलीकडच्यांना नाही म्हणायची सोय राहत नाही.

मग ग्रीसच्या शेजारच्या मॅसेडोनिया देशासारखी गरजू मुलगी गाठा. २००५ साली पसंती कळवा, बैठक मात्र लावू नका. ग्रीसमामा रुसलेत म्हणावं. मॅसेडोनिया हे नाव आमच्याच प्रांताचं, असं त्यांचं म्हणणं. सुनेचं नाव आपल्याकडेही बदलतात, पण ते लग्न लागल्यावर, ताटात तांदूळ पसरून. तुम्ही आधीच बदलून घ्या. त्या बिचाऱ्यांनी राजधानी स्कोपयेच्या विमानतळावरून सिकंदराचं नाव उतरवलं. सप्टेंबर २०१८ मध्ये देशाचं नाव बदलायला सार्वमत घेतलं. निम्मे मतदार यायला हवे होते, आले जेमतेम ३७ टक्के. अशा वेळी डगमगू नका. सार्वमत केवळ सल्ल्यापुरतं होतं म्हणा, आलेल्यांतले नव्वद टक्क्यांहून जास्त ‘हो’ म्हणाले एवढंच मोठ्याने सांगा आणि उरलेलं काम संसदेकडून उरकून घ्या. घरी बसलेले मतदार लोकशाहीच्या पाठ्यपुस्तकात येत नाहीत.

२०१९ च्या फेब्रुवारीत मुलगी ‘उत्तर मॅसेडोनिया’ झाली. ऑक्टोबरात फ्रान्सकाका म्हणाले, थांबा, सुना आणायची आपली पद्धतच आधी सुधारू. पुढच्या वर्षी बल्गेरियाच्या आत्याबाई उठल्या : ही बोलते ती भाषा तिची नाहीच, आमचीच बोली आहे! २०२२ मध्ये बोलणी सुरू झाली म्हणून पेढे वाटले, आणि त्याच पेढ्यासोबत नवी अट : राज्यघटनेत बल्गेरियन लोकांचा उल्लेख करा. २०२१ च्या जनगणनेत ते साडेतीन हजार भरले. घटना बदलायला संसदेत दोन तृतीयांश मतं लागतात, ती काही जुळेनात. तोवर जोडीला बसवलेली शेजारीण अल्बानिया २०२४ मध्ये पुढे निघून गेली.

आता कुणी खवचटपणे विचारेल, घरात आलेल्यांचं काय? हंगेरी २००४ साली माप ओलांडून आली. २०२२ मध्ये युरोपीय संसदेनेच ठराव केला, की तिथे आता पूर्ण लोकशाही उरलेली नाही, निवडणुकांची एकाधिकारशाही आहे. म्हणून काय घराबाहेर काढायचं? तशी तरतूदच नाही. मताचा हक्क गोठवता येतो, पण त्याआधी बाकी सगळ्यांचं एकमत लागतं, आणि हंगेरी-पोलंड या जावा त्या काळात एकमेकींना सांभाळून घेत होत्या. सासुरवाशिणीला सगळं माफ. परीक्षा फक्त उंबऱ्याबाहेरच्यांची घ्यायची.

एवढं जमलं की पुढचं स्थळ बघायला मोकळे. तुर्कस्तानने १९८७ साली पत्रिका दिलीय, तीही कपाटात असेल. फेकू नका, काढून धूळ तेवढी झटका.