चालतंय ना? मग हात लावू नका

लातूरच्या मार्केट यार्डात तुमची अडत आहे, हिशेबाचा कॉम्प्युटर दुकानात आहे आणि तुम्ही सोलापूरला लग्नात बसून व्हीएनसीवरून, म्हणजे लांबून दुसरा कॉम्प्युटर चालवायच्या प्रोग्रामवरून, पट्ट्या बघायलात. मस्त चाललंय. अशात पुण्याहून आलेला भाचा म्हणतो, "मामा, याच्या पासवर्डचं एन्क्रिप्शन लई जुनं झालंय, बदला." त्याला आधी चहा पाजा आणि विषय सोयाबीनच्या भावावर न्या.

जुनं म्हणजे किती? तर त्यातलं डीईएस, म्हणजे मजकूर गुप्त करायची पद्धत, 1977 सालचं. अमेरिकेत 1998 मध्ये एका खास यंत्राने त्याची 56 बिटांची चावी तीन दिवसांच्या आत शोधून काढली आणि 2005 मध्ये तिथल्या सरकारने ते मानकच मागे घेतलं. घेऊ द्या. त्यांना काय कळतंय यार्डातलं?

पासवर्ड मात्र लांबलचक ठेवा, मनाला बरं वाटतं. इंग्रजीत 'सोयाबीन', पुढे गाळ्याचा नंबर, पोराचं नाव, दोन-चार चांदण्या. व्हीएनसीची ही जुनी पद्धत बघते पहिली आठच अक्षरं. एस-ओ-वाय-ए-बी-ई-ए-एन, मोजा, बरोबर आठ भरतात. बाकी सगळं कडत्यात गेलं! पण फायदा बघा: मुनीमजींनी गाळ्याचा नंबर चुकवला तरी कॉम्प्युटर उघडतो. एवढी माणुसकी नव्या पद्धतीत कुठंय?

मंगल कार्यालयाचं फुकटचं वायफाय वापराच. सर्व्हर 16 बाइटचं कोडं पाठवतो, तुमच्याकडून पासवर्डचीच चावी करून डीईएसने त्याचं उत्तर जातं. मधे बसून कुणी दोन्ही टिपून घेतलं, तर तो घरी जाऊन निवांत पासवर्ड ताडून बघतो. तुमच्या दुकानाला काडीची तसदी नाही. आणि तुम्ही आत शिरलात की पुढचं सगळं उघड्यावर. स्क्रीनही, आणि तुम्ही दाबलेली बटणंही. बँकेच्या पासवर्डची असली तरी.

भाचा हट्टालाच पेटला तर बसवू द्या त्याला टीएलएस, नाहीतर काढू द्या एसएसएचचा बोगदा, म्हणजे सगळी ये-जा कुलूपबंद करायच्या नव्या पद्धती. फक्त जुनी पद्धत बंद करू देऊ नका, मुनीमजींच्या मोबाइलमधलं जुनं अ‍ॅप चालायचं थांबेल ना! सर्व्हर दोन्ही पद्धती पुढे ठेवतो आणि निवड जोडणाऱ्याची असते. चोराने नवीच पद्धत का म्हणून निवडावी? राउटरवरचं 5900 नंबरचं पोर्टही, म्हणजे व्हीएनसीचं बाहेरून आत यायचं दार, उघडंच असू द्या.

एवढं झालं की भाच्याला एसटीत बसवताना सांगा, "पुढल्या खेपेला आलास की तो प्रिंटर तेवढा बघ, कागद लई अडकवायलाय."