प्रोजेक्ट कसा करावा, विथ स्पेशल रेफरन्स टू खानापूर तालुका

एप्रिल आला की आमच्या बेळगावात दोन हंगाम एकदम सुरू होतात, एक आंब्याचा आणि दुसरा प्रोजेक्टचा, आणि त्यातल्या त्यात आंबा तरी पिकल्याशिवाय कोण बाजारात आणत नाही. एमएसडब्ल्यू म्हणजे समाजकार्यवाले, बीएड, नर्सिंग, फार्मसी, इंजिनिअरिंग, सगळ्यांना एकाच आठवड्यात आठवतं की सबमिशन आहे, आणि सगळ्यांना विषय पण दोनच सुचतात, आरोग्य नाहीतर शिक्षण. ह्यात समाजसेवा बिमाजसेवा काही नसते बघा, सरळ हिशोब असतो. कारखान्यात जायचं तर गेटपास लागतो, बँकेत गेलं तर मॅनेजर मीटिंगमध्ये असतो, पण आशाताई, अंगणवाडी टीचर आणि सरकारी शाळेचे गुरुजी कुठं पळून जाणार? फुकट मिळतात, नम्रपणे बोलतात आणि वर चहा पण देतात. मी स्वतः ह्या मार्गानं पास झालेला माणूस आहे, तेव्हा ज्युनियर मंडळींनो, चार अनुभवाच्या गोष्टी सांगतो त्या ऐका.

विषय निवडताना डोकं चालवायचं नाही. सुरुवात ‘अ स्टडी ऑन’, शेवट ‘विथ स्पेशल रेफरन्स टू खानापूर तालुका’, म्हणजे आमच्या बेळगाव जिल्ह्यातलाच शेजारचा तालुका, मधल्या जागेत काहीपण घाला, बसतंय. मागच्या बॅचचा रिपोर्ट पेन ड्राइव्हवर मिळतोच, त्यात फक्त नावं बदलायची. पण इथं एक सांभाळा. आपल्या गावाचं सरकारी नाव 1 नोव्हेंबर 2014 ला बदललं, त्यामुळं जुन्या रिपोर्टात ‘बेलगाम’ असतंय, ते तुम्ही एका झटक्यात फाइंड-रिप्लेस मारून ‘बेलगावी’ करता, मग 1990 सालच्या लेखाच्या शीर्षकात पण बेलगावी येतंय, आणि मनोगतात तुम्ही सवयीनं ‘बेळगाव’ लिहिलेलं असतंय ते वेगळंच, म्हणजे एका रिपोर्टात तीन गावं. बाहेरच्या राज्यातला रिपोर्ट उचलला असेल तर निदान एकदा वाचा तरी. आमच्या वर्गातल्या एकानं केरळचा उचलला होता, त्याच्या चौथ्या चॅप्टरमध्ये खानापूर तालुक्यातल्या मच्छीमार महिला समुद्रावरून परत येऊन पाठदुखीची तक्रार करत होत्या. एक्स्टर्नलनं, म्हणजे बाहेरच्या परीक्षकानं, वाचलं नाही म्हणून पोरगा वाचला.

कॉपीची भीती घालणारे लोक भेटतील. विद्यापीठांवर देखरेख ठेवणाऱ्या यूजीसीचा 2018 चा नियम आहे खरा, 10 टक्क्यांपर्यंत साम्य चालतंय, त्याच्या वर गेलं की कारवाई. पण घाबरू नका, ते सॉफ्टवेअर चोरी पकडतं, थाप पकडत नाही. दुसऱ्यानं उन्हातान्हात फिरून काढलेला खरा आकडा उचलला तर तुम्ही चोर, आणि स्वतः हॉस्टेलच्या कॉटवर पडून रचलेला आकडा शंभर टक्के ओरिजिनल.

आता सॅम्पल. 384 हा आकडा जन्मतारखेसारखा पाठ करा. 1970 साली क्रेज्सी आणि मॉर्गन म्हणून दोघांनी किती माणसांना विचारायचं ह्याचं एक टेबल दिलं, लोकसंख्या कितीही मोठी असू दे, ते टेबल 384 वर येऊन थांबतं. त्या बिचाऱ्यांनी रँडम सॅम्पल म्हटलं होतं, म्हणजे चिठ्ठ्या टाकून निवडलेली माणसं, पण ती ओळ झेरॉक्समध्ये पुसट येते. तुमचं सॅम्पल म्हणजे सिटी बस जिथं जाते तिथली माणसं. येळ्ळूर, उचगाव, कडोली, कंग्राळी, म्हणजे सकाळी जाऊन दुपारी जेवायला रूमवर. वर्गातल्या मुलींना पुढं पाठवा, कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट करणारी शक्ती योजना आल्यापासनं, म्हणजे 11 जून 2023 पासनं, त्यांना झिरो तिकीट आहे, तेव्हा डेटा गोळा करणं हे मुलींचं काम आणि त्यावर ‘ॲनालिसिस’ करणं हे मुलांचं, अशी वाटणी आमच्याकडं आपोआप झालेली आहे. कणकुंबीकडं, जिथं मलप्रभा उगम पावते तिकडं, किंवा भीमगड अभयारण्यातल्या वाड्यांवर चुकूनसुद्धा जाऊ नका. पावसाळ्यात रस्ता चिखलात जातो, मोबाइलला रेंज नाही, गुगल फॉर्म उघडत नाही. आजारी माणसाला दवाखाना गाठायला सगळ्यात जास्त त्रास तिथंच होतो हे खरं आहे, पण त्यासाठी ‘लिमिटेशन्स ऑफ द स्टडी’ हे पान ठेवलंय की. तिथं लिहायचं, वेळेअभावी दुर्गम भाग घेता आला नाही. झालं, दुर्गम भाग आला रिपोर्टात.

एवढं करून फॉर्म शंभरच भरले असतील तर उरलेले 284 रात्री हॉस्टेलवर भरायचे. चार जणं बसवा, चार रंगाची पेनं द्या, मधे शेव-चिरमुरे ठेवा. फक्त वजनं लिहिताना जरा कल्पना वापरा हो. खरं माणूस 47 किलो 300 ग्रॅमचं असतंय, हॉस्टेलमध्ये जन्मलेलं माणूस नेहमी 45 नाहीतर 50 किलोचं, आणि त्याचं बीपी जन्मभर 120/80. आमच्या एका सर्व्हेत आख्ख्या गावाचं बीपी 120/80 होतं आणि शेवटच्या चॅप्टरमध्ये निष्कर्ष होता की गावात हायपरटेन्शन ही गंभीर समस्या आहे. तो निष्कर्ष जुन्या रिपोर्टातनं आला होता.

आणि घराबाहेर पडायचाच कंटाळा असेल तर गुगल फॉर्मची लिंक ग्रुपवर टाका. निपाणीच्या बिडी कामगार महिलांच्या आरोग्यावरचा एक फॉर्म मी स्वतः भरलाय, मित्राचा होता, नाही कसं म्हणणार. ‘मासिक पाळीच्या काळात कामावर सुट्टी मिळते का’ ह्या प्रश्नाला मी ‘कधीकधी’ असं उत्तर दिलेलं आहे.

प्रश्नावली ही इंग्लिशमध्येच करा, म्हणजे गाइडला कळते. मग ती मोबाइलवर टाकून कन्नडात करा, कारण नियमानं लोकल लँग्वेज पाहिजे, आणि मग ती घेऊन अशा गल्लीत जा जिथं म्हाताऱ्या फक्त मराठी बोलतात. तिथं उभ्या-उभ्या तुम्ही कन्नडावरनं परत मराठी करणार, आणि तुमचं कन्नड दहावीत पास होण्यापुरतं. 1932 साली लिकर्ट नावाच्या माणसानं पाच पायऱ्यांची पट्टी काढली, पूर्ण सहमत पासनं पूर्ण असहमतपर्यंत, ती आमच्या उंबऱ्यावर आल्यावर काय होतंय बघा. तुम्ही विचारता, “आज्जी, आरोग्य सेवेच्या उपलब्धतेबाबत तुम्ही कितपत समाधानी आहात?” आज्जी तांदूळ निवडत असते. सूप खाली ठेवते. म्हणते, “समाधानी म्हंजे?” मग सांगायला लागते की मागच्या आषाढात सुनेला रात्री कळा सुरू झाल्या, फोन लावला तर गाडी नाल्याच्या पलीकडं थांबली, पाणी वरनं चाललेलं, मग गल्लीतल्या चार पोरांनी बाज उचलली, एकानं वर ताडपत्री धरली, आणि ही मागनं कंदील घेऊन, एका पायात चप्पल, दुसरी चिखलात गेली ती अजून सापडली नाही. “पोरगी झाली बघ, चांगली हाय. आता सांग, म्या समाधानी हाय का न्हाई?”

ह्याला पट्टीवर चौकोन नाही. तुम्ही ‘तटस्थ’वर टिक करा आणि पुढच्या प्रश्नाकडं जा, अजून बत्तीस आहेत.

संमतीपत्र विसरू नका. आयसीएमआर म्हणजे वैद्यकीय संशोधनाची केंद्रीय संस्था, तिच्या 2017 च्या नियमावलीत लिहिलंय की माणसाला समजेल अशा भाषेत सगळं सांगून, नाही म्हणायची मोकळीक देऊन मग सही घ्यायची. तुम्ही शाईचं पॅड पुढं करा आणि म्हणा, “इथं अंगठा द्या, कॉलेजचं हाय.” अंगठा लगेच मिळतो, कारण ह्या घरांत कागदावर अंगठा म्हणजे कायतरी येणार. घरच्या बाईला सरकारकडनं महिन्याला मिळणारे गृहलक्ष्मीचे दोन हजार कुणाचे अडकलेत, कुणाची पेन्शन बंद पडलीय, कुणाच्या रेशन कार्डात नातवाचं नाव नाही, आणि त्यांना वाटतंय पोरगं गळ्यात कार्ड घालून आलंय म्हणजे ह्याच्या हातात कायतरी असणार. तो गैरसमज दूर करायचा नाही. दूर केला तर 384 होत नाहीत.

अंगणवाडीत अकरा वाजता जायचं, नेमकं पोरांच्या जेवणाच्या टायमाला. टीचर एका हातानं मोबाइलवर पोषण ट्रॅकर हे सरकारी ॲप भरत असते, दुसऱ्या हातानं तेच सगळं रजिस्टरात लिहीत असते, त्यात तुम्ही तिसरा फॉर्म पुढं करा आणि म्हणा, “मॅडम, पाचच मिनिटं.” मग खिशातनं ती कुपोषण बघायला दंड मोजायची टेप काढायची, लाल म्हणजे साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली, पिवळा साडेबारापर्यंत, पुढं हिरवा. पोर रडतंय, हात हलवतंय, तुम्ही टेप जरा जोरात ओढली की हिरवं पोर पिवळं होतंय, सैल सोडली की लाल पण पिवळं होतंय. पिवळा हा प्रोजेक्टसाठी उत्तम रंग, समस्या पण दिसते आणि कुणाला लगेच दवाखान्यात न्यावं पण लागत नाही. आत शेगडीवरची खिचडी खाली लागल्याचा वास येईल तेव्हा निघायचं.

बीएडवाल्यांचं दुःख वेगळं. शिक्षक-प्रशिक्षणाच्या 2014 च्या नियमांनी बीएडला वीस आठवडे शाळा लावली, त्यातले सोळा सलग, हेतू असा की भावी गुरुजीला वर्ग कळावा. सरकारी मराठी शाळेत एक गुरुजी दोन-तीन वर्ग सांभाळत असतात, त्यांना तुम्ही दिसलात की देव दिसतो. पहिल्या दिवशी ते तुमच्या हातात वही देतात, कुणी अंडं घेतलं आणि कुणी केळं घेतलं ते लिहायला. सोळाव्या आठवड्याला पण तीच वही हातात असते, पण आता तुम्हाला नावं पाठ झालेली असतात. मधल्या काळात थर्माकोलची पचनसंस्था करा, तिच्यापुढं उभं राहून फोटो काढा, शर्ट बदलून परत काढा, म्हणजे सहा पाठ झाले. चौथीतलं एक पोर तुमच्याजवळ येऊन पुस्तकातली ओळ बोट ठेवून अक्षर-अक्षर लावत बसेल आणि तीन आठवड्यांनी एक दिवस आख्खं वाक्य एकदम वाचून तुमच्याकडं बघेल. ते कुठंच लिहू नका, त्याला मार्क नाहीत.

इंजिनिअरिंगवाल्यांना काय सांगायचं, ते आपल्यापेक्षा हुशार. नेटवरनं परदेशातल्या छातीचे एक्स-रे उतरवायचे, मशीनला शिकवायचे, 98 टक्के ॲक्युरसी काढायची आणि ‘ग्रामीण भारतासाठी’ म्हणून पोस्टर लावायचं. ग्रामीण भारत म्हणजे गावचं जे पीएचसी, प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथं एक्स-रे मशीन आहे का, हे विचारायला गेलं तर बस चुकते.

शेवटी सूचना लिहायच्या. गावात पाणी गढूळ असेल तर जनजागृती करावी. नर्सची जागा रिकामी असेल तर जनजागृती करावी. पोरं ऊसतोडीला आई-बापाबरोबर जाऊन शाळा सुटत असेल तर पालकांमध्ये जनजागृती करावी. मग हार्ड बाइंडिंग, सोनेरी अक्षरं, आणि आभारात पहिलं नाव गाइडचं, मग एचओडी, प्रिन्सिपॉल, आई-वडील, टायपिंगवाला. आशाताईचं नाव नसतं, तिनं तीन दिवस स्वतःची कामं सोडून घरं दाखवली असली तरी.

माझा स्वतःचा रिपोर्ट रक्तक्षयावर होता. गरोदर बायकांचं हिमोग्लोबिन 11 च्या खाली म्हणजे ॲनिमिया, 7 च्या खाली म्हणजे गंभीर, हे मी पहिल्याच पानावर लिहिलं होतं. एकीच्या कार्डावर 6.8 बघितलं, वहीत उतरवलं आणि पुढच्या घरात गेलो. तिच्या सासूनं हाक मारून विचारलेलं, “हे आकडं लिवून काय करूलास रे बाबा?” मी म्हटलं, रिपोर्ट वरती जातो. वरती म्हणजे खरंच वरती गेला, डिपार्टमेंटच्या लोखंडी कपाटावर, तिथं तुटक्या प्रोजेक्टरखाली आहे अजून. त्या बाईचं पुढं काय झालं ते मला माहीत नाही, मी विचारायला गेलो नाही. मला 76 मार्क पडले.

मागच्या महिन्यात ज्युनियर पोरांना रस्ता दाखवायला म्हणून परत त्याच गल्लीत गेलो. सासू कट्ट्यावर बसली होती, मला ओळखलं की नाही कळलं नाही. पोरांच्या गळ्यातली कार्डं बघून तिनं डोक्यावर पदर सारखा केला, उजेड तोंडावर येईल अशी वळून बसली आणि कुणी काही विचारायच्या आधी सुरू झाली, “वय पासष्ट, शाळा न्हाई, संडास हाय, ग्यास हाय, दवाखाना पाच किलोमीटर, मधल्या चौकोनात टिक मार.” मग अंगठा पुढं करून थांबली. पोरं शाईचं पॅड रूमवर विसरली होती. तिनं आत हाक मारून नातीला सांगितलं, “फळीवरचं ते शाईचं आण गं, मागच्या टायमाच्या पोरांनी इसरलेलं.”