कुत्रं कुणाचं, ते आधी सांगा

कोथरूडच्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ऑगस्ट 2025 मध्ये जे भांडण पेटलं ते अजून विझलेलं नाही, आणि त्यात अधूनमधून मला साक्षीला उभं केलं जातं. ‘‘तू इंग्लंडात राहतेस ना, मग सांग सगळ्यांना, तिकडे रस्त्यावर एक तरी भटकं कुत्रं दिसतं का?’’ विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक असतं. मी ‘नाही’ म्हटलं की त्याचा मुद्दा सिद्ध झाला आणि माझं काम संपलं. त्यापुढचं ऐकायला कुणी थांबत नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

निमित्त सर्वोच्च न्यायालयाचं. 11 ऑगस्टला दोन न्यायमूर्तींच्या पीठाने दिल्ली आणि आसपासच्या भागातली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवायला सांगितली, परत सोडायची नाहीत म्हणून. 22 ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते बदललं: नसबंदी आणि लसीकरण करून कुत्रं जिथून उचललं तिथेच सोडा, रेबीजची शंका असलेलं किंवा अंगावर येणारं मात्र सोडू नका, आणि खाऊ घालायचं तर ठरवून दिलेल्या जागीच घाला. 7 नोव्हेंबरला शाळा, दवाखाने, क्रीडासंकुलं, एसटी स्थानकं आणि रेल्वे स्टेशनांच्या आवारातली कुत्री हटवायचा, आणि तिथे परत न सोडायचा आदेश आला. आमच्या ग्रुपचे दोन तट पडले. एका बाजूने ‘परदेशाकडे बघा आणि शिका’, दुसऱ्या बाजूने नामदेवांची तुपाची वाटी, धर्मराजाबरोबर चाललेलं कुत्रं आणि दत्तगुरूंच्या पायाशी बसलेली चार कुत्री.

मध्ये एक गोष्ट खरीखुरी घडली. पार्किंगमध्ये सायकल फिरवणाऱ्या दुसरीतल्या मुलाच्या पोटरीला कुत्रं चावलं. टाके पडले, इंजेक्शनांचे डोस सुरू झाले. त्याच्या आईने ग्रुपवर जे लिहिलं त्यातल्या एकाही शब्दाला मी कमी लेखणार नाही. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही, आणि जगातल्या रेबीजबळींपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त बळी भारतात जातात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. ज्यांना कुत्री आवडतात त्यांनी हा आकडा आधी पचवावा आणि मग बोलावं.

तर इंग्लंडात भटकं कुत्रं दिसतं का? नॉटिंगहॅममध्ये मला दिसलेलं नाही. पण ही रस्त्यांची सफाई प्रेमाने झालेली नाही, हे मला सांगू द्या. व्हिक्टोरिया राणीच्या काळात लंडनमध्ये भटकी कुत्री आणि रेबीज दोन्ही होते. ज्या बॅटर्सीच्या श्वानगृहाचं आज जगभर कौतुक होतं, तिथे 1884 मध्ये कुत्री मारण्यासाठी विषारी वायूची खोली बांधली गेली आणि रस्त्यावरून आणलेली हजारो कुत्री त्यात संपली. 1897 मध्ये शेतीखात्याचा मंत्री वॉल्टर लाँग याने कुत्र्यांना मुसकं बांधायची सक्ती आणली. इथल्या श्वानप्रेमी संघटना त्याच्यावर तुटून पडल्या. तो हटला नाही. 1902 पर्यंत रेबीज गेला, पहिल्या महायुद्धाच्या शेवटी बाहेरून आलेल्या कुत्र्यांबरोबर परत आला आणि 1922 मध्ये कायमचा घालवला गेला. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा लंडनकरांनी काही दिवसांत आपली लाखो पाळीव कुत्री-मांजरं स्वतःच नेऊन मारून टाकली. ‘तिकडचे लोक प्राण्यांवर किती माया करतात’ असं लिहिणाऱ्यांनी हेही लिहावं.

आजही नियम मऊ नाहीत. सापडलेलं कुत्रं काउन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका, सात दिवस सांभाळते. मालक आला नाही तर ते रेस्क्यूकडे, म्हणजे बेवारस प्राणी सांभाळणाऱ्या संस्थेकडे जातं, आणि कुठेच जागा नसेल तर त्याला कायमचं झोपवण्याची मुभा कायद्यात आहे. कोविडमध्ये हौसेने घेतलेली कुत्री पुढे रेस्क्यूंच्या दारात आली, आणि ती केंद्रं कित्येक महिने ओसंडत होती. एक्सएल बुली जातीवर बंदी आली तेव्हा 1 फेब्रुवारी 2024 नंतर सवलतपत्राशिवाय तो कुत्रा ठेवणं गुन्हा झालं, आणि जे मालक स्वतःहून त्याला कायमचं झोपवून घ्यायला तयार होते त्यांना सरकारने 200 पौंड देऊ केले. ग्रुपवरच्या काकांना ‘परदेशाकडे बघा’ म्हणायचं असेल तर एवढं सगळं बघावं लागेल.

मला इथलं खरोखर पटलेलं एकच आहे, आणि ते घरच्या भांडणात कुणी काढत नाही: मालक.

कालव्याच्या काठी एकदा एक टेरियर एकटंच फिरताना सापडलं होतं. काउन्सिलचा वॉर्डन आला, त्याने हातातलं स्कॅनर कुत्र्याच्या खांद्यांमधून सावकाश फिरवलं, बीप वाजलं आणि पडद्यावर पंधरा आकडे आले. बस. त्या आकड्यांमागे एक नाव, एक पत्ता, एक फोन नंबर. मालकाने पत्ता बदलल्यावर कळवलं नव्हतं, त्यामुळे जरा शोधाशोध झाली, आणि त्याबद्दल त्याला बोलणीही बसली असणार, कारण माहिती अद्ययावत ठेवणं त्याचंच काम आहे. 2016 पासून इंग्लंडात प्रत्येक कुत्र्याच्या कातडीखाली अशी आकड्यांची चिप हवी, नसेल तर 500 पौंडांपर्यंत दंड. जून 2024 पासून मांजरांनाही. बाहेर नेताना गळ्यातल्या पट्ट्यावर मालकाचं नाव-पत्ता हवा. 2020 पासून सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू दुकानातून किंवा दलालाकडून विकत घेता येत नाही, जिथे ते जन्मलं तिथेच, आईसोबत बघून घ्यायचं.

आता पुण्यात या. पाळीव कुत्र्याचा परवाना महापालिकेकडून काढावा लागतो, हे आमच्या सोसायटीत किती जणांना माहीत आहे? गंमत म्हणजे ब्रिटनने कुत्र्याचा परवाना 1987 मध्येच रद्द केला, आणि ग्रुपवर ‘तिकडे लायसन्स लागतं’ म्हणून मलाच ऐकवलं जातं. कागदावर आपण मागे नाही. कुत्र्यांच्या पैदाशीचे नियम 2017 चे, पेट शॉपचे नियम 2018 चे, आणि 2023 चे ॲनिमल बर्थ कंट्रोल नियम तर सोसायट्यांनी खाऊ घालण्याची जागा ठरवून द्यावी इथपर्यंत जातात. ते ग्रुपवर एकानेही वाचलेले नाहीत.

आणि हे करायला विलायतेकडे बघावं लागतं असंही नाही. गोव्यात जा. मिशन रेबीज या संस्थेच्या मदतीने तिथल्या सरकारने गावोगाव जाळी घेऊन कुत्री पकडली, लस टोचली, जागच्या जागी सोडली, आणि 2021 मध्ये गोवा देशातलं पहिलं रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर झालं. रस्त्यावरच्या 70 टक्के कुत्र्यांना लस मिळाली की रेबीजची साखळी तुटते. नसबंदीचंही तसंच: एका भागातली बहुतेक कुत्री थोडक्या काळात झाली पाहिजेत. पाच धरली आणि पंधरा राहिली, तर पुढच्या वेळी वीसच दिसतात, आणि मग लोक म्हणतात नसबंदी फसली. नसबंदीची खूण म्हणून कानाला खाच पाडलेली, लस झालेली, गल्लीत स्थिरावलेली कुत्री उचलून नेली की रिकाम्या जागेत बाहेरून नवी येतात, ज्यांना ना लस झालेली असते ना ती कुणाच्या ओळखीची.

मुंबईने तर हा वाद 1832 मध्येच घातला होता. कंपनी सरकार मारलेल्या कुत्र्यामागे इनाम देत होतं, पारश्यांच्या पवित्र दिवशी शिपाई कुत्री मारत सुटले आणि फोर्टमध्ये दंगल झाली. त्यानंतर दोन वर्षांनी जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांनी पांजरपोळ उभारली. ज्या माणसांना कुत्री मारणं मान्य नव्हतं त्यांनी त्यांना ठेवायला जागा दिली, पैसा दिला, आपलं नाव लावलं. नुसता निषेध करून ते घरी गेले नाहीत.

नाव लावणं. ग्रुपवर दोन्ही तटांना नेमकं हेच नको आहे. बिस्किटांचा पुडा फोडून गेटपाशी टाकणारे ‘ती आमची नाहीत’ म्हणतात, आणि हटवा म्हणणारेही तेच म्हणतात. त्यात आमच्या सातव्या मजल्यावर एक हस्की आहे. एप्रिलमध्ये मी घरी गेले होते तेव्हा तो लिफ्टसमोरच्या फरशीवर पोट टेकून, जीभ बाहेर टाकून धापत पडलेला असायचा. बर्फात गाड्या ओढणारी जात पुण्याच्या उन्हाळ्यात. कुणी त्याच्याबद्दल ग्रुपवर एक ओळ लिहीत नाही, कारण त्याला किंमत पडलेली आहे. त्याच मुक्कामात वेताळ टेकडीच्या पायथ्याशी एक म्हातारी लॅब्रॅडॉर दिसली. मानेभोवती पट्ट्याने झिजलेली केसांची गोल रेघ होती, पट्टा नव्हता. येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या दाराकडे ती शेपटी हलवत जायची आणि दार उघडलं की आत डोकावायची. रेस्क्यूवाल्या मुलीने तिला नेलं. ती म्हणाली, आमच्याकडे रस्त्यावरची येतात तशी घरातलीही येतात, म्हातारी झालेली, आजारी पडलेली, मालकांची बदली झालेली. त्या लॅब्रॅडॉरला टेकडीवर सोडून येणाऱ्याला कुठलं न्यायालय नोटीस काढणार? प्राण्याला असं सोडून देणं 1960 च्या कायद्यात गुन्हा आहे. पण चिप नाही, नोंद नाही, मग सोडणारा सापडायचा कसा?

मी हे लिहिलं की दादाचा फोन येतो. ‘‘तू तिथे बसून शिकवू नकोस. तुला रात्री दोन वाजता स्कूटरवरून घरी यायचं नसतं.’’ तो खरं बोलतो, आणि मला लागतं. मला त्याच्यावर उलटून सांगावंसं वाटतं की इथेही चावतात, इथेही दर वर्षी माणसं कुत्र्यांमुळे मरतात आणि ती बहुतेक घरातली, नावानिशी माहीत असलेली कुत्री असतात. तेही खरं आहे. पण तो विचारत असतो ते वेगळंच: तू कुठून बोलतेस?

मी इथे कुत्रं घ्यायचा प्रयत्न केला होता. भाड्याचा फ्लॅट, दुसरा मजला, हॉस्पिटलच्या लॅबमधल्या शिफ्ट. रेस्क्यूच्या बाईंनी होम चेकला येऊन सगळं बघितलं, चहा घेतला आणि आधी कधी कुत्रं होतं का विचारलं. मी काळूबद्दल सांगितलं. शनिवार पेठेतल्या आमच्या वाड्याच्या जिन्याखाली तो राहायचा. शेवटची पोळी त्याची. दिवाळीत फटाके सुरू झाले की तो थेट आमच्या माजघरात शिरायचा आणि आजी, जी एरवी सोवळ्यात कुणाला शिवू द्यायची नाही, ती त्याच्या पाठीवर गोणपाट टाकायची. बाईंनी मन लावून ऐकलं आणि विचारलं, पण त्याचा मालक कोण होता? मी म्हटलं, वाडा. त्यांनी रकाना रिकामा ठेवला. भाडं, गॅलरी, दिवसभर रिकामं घर या कारणांनी नकार आला. नियमाने तो बरोबरच होता. मला त्यांचा राग आला नाही, पण त्या रकान्याने मी बरेच दिवस अस्वस्थ होते. त्यांच्या हिशोबात मी कधी कुत्रं सांभाळलेलंच नाही. आणि माझ्या लोकांच्या हिशोबात मी आता वाड्यातली राहिले नाही.

काळूवर आमची माया होती यात मला शंका नाही. पण त्याला कुणी लस टोचली नव्हती हेही मला ठाऊक आहे. एका पावसाळ्यात महापालिकेची गाडी येऊन गेली आणि तो दिसेनासा झाला, तेव्हा तिथे जाऊन ‘हा आमचा’ म्हणायला आख्ख्या वाड्यातून कुणी गेलं नाही. माझं वय नऊ-दहा होतं. मोठी माणसं हळहळली आणि कामाला लागली. ग्रुपवर ‘आपल्या संस्कृतीत’ अशी सुरुवात होणारा मेसेज आला की मला ती हळहळ आठवते. ‘तिकडे बघा’ आला की बॅटर्सीची ती खोली आठवते. या दोन्हींतून मला काही नको आहे. मला पुण्यातल्या कुत्र्यांच्या मागे पंधरा आकडे हवेत आणि त्या आकड्यांमागे माणूस हवा. रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी तो माणूस सोसायटीतला असेल, वॉर्डातला असेल, पण त्याचं नाव लिहिलेलं असलं पाहिजे.

कोथरूडच्या फ्लॅटवर माझंही नाव आहे आणि मेंटेनन्समध्ये माझाही वाटा असतो, म्हणून येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेसाठी मी सेक्रेटरींना पत्र पाठवलं आहे. पाळीव प्राण्यांची एक वही, त्यात परवाना, लस, नसबंदी, चिप. गेटवरच्या तीन कुत्र्यांसाठी दुसरं पान, त्यांच्या नसबंदीची आणि वर्षाच्या लशीची तारीख, आणि ते बघणाऱ्याचं नाव व सही. खाऊ घालायची जागा मागच्या कंपाउंडपाशी, मुलांच्या सायकली जिथे फिरतात तिथून लांब. निम्मा खर्च मी देईन. गेटवरच्या तिघांसमोर सही करायला आई तयार आहे. त्यांना सकाळी भाकरी तीच घालते. तिची अट एवढीच की सातव्या मजल्यावरच्यांनी आधी हस्कीचा परवाना काढून त्याच वहीत नाव लिहायचं.