'फाईल टाकून द्या, सगळं आभात आहे' म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

जळगाव-धुळ्याच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: आभा (आयुष्मान भारत हेल्थ अकाउंट) नंबर काढला की जुने-नवे सगळे रिपोर्ट देशातल्या कुठल्याही दवाखान्यात एका क्लिकवर दिसतात, फाईल बाळगायची गरज नाही, सरकारी दवाखान्यांत संगणक आणि फायबर पोचलंय, तरी कागदावर लिहितात तो निव्वळ कामचुकारपणा, आभा नसेल तर केसपेपर निघणार नाही, टेलिमेडिसिनमुळे तज्ज्ञ डॉक्टरांची गरज उरली नाही, आणि आभा कार्डावर पाच लाखांचा उपचार फुकट. खाली कोणीतरी पुस्ती जोडलीय, 'बठ्ठं मोबाईलमा शे' (सगळं मोबाईलमध्ये आहे). आमच्या शिंदखेड्याच्या काकूंनी हे वाचून काकांची अँजिओप्लास्टीची फाईल रद्दीसाठी बाजूला काढली, म्हणून हे लिहावं लागतंय.

फाईलपासूनच सुरू करू, कारण इथे जिवाशी खेळ आहे. आभा हा १४ आकडी ओळख क्रमांक. त्यात एकही रिपोर्ट साठवलेला नसतो. रिपोर्ट राहतो तो तयार झाला त्या दवाखान्याच्या व्यवस्थेत. तो दुसरीकडे दिसायचा तर पहिल्या दवाखान्याची सरकारी नोंदवहीत नोंद हवी, त्याचं सॉफ्टवेअर आयुष्मान भारत डिजिटल मिशनला जोडलेलं हवं, तुमची ती भेट तुमच्या आभाशी जोडलेली हवी, नव्या डॉक्टरने मागणी पाठवायला हवी, तुम्ही मोबाईलवर संमती द्यायला हवी आणि त्या घटकेला पहिल्याचा सर्व्हर चालू हवा. यातलं एक जरी हुकलं तरी पडदा कोरा. हे मिशन देशभर सुरू झालं २७ सप्टेंबर २०२१ ला. त्याआधीची कागदपत्रं कोणी बसून चढवली? आपोआप तर कुठलीच चढलेली नाहीत. तुम्ही स्वतः ॲपमध्ये फोटो टाकू शकता, जरूर टाका. पण रात्री दोनला कॅज्युअल्टीत मोबाईल बंद आणि ओटीपीचं सिम भलत्याच्याच खिशात असेल, तर त्या फोटोचं काय करणार?

ओटीपीचं दुखणं आपल्याकडे जास्तच. ऊसतोडीला किंवा गुजरातेत कामाला गेलेल्या माणसाचं आधारला जोडलेलं सिम कधीच बंद पडलेलं असतं. धडगाव-अक्कलकुव्याकडे एकाच माणसाचं आडनाव आधारवर एक, रेशनकार्डावर दुसरं, केसपेपरवर तिसरं. मग एका रुग्णाच्या दोन नोंदी होतात. सिकलसेलचा (रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा) रिपोर्ट एकीवर, बाळंतपण दुसरीवर.

तेव्हा डिस्चार्ज कार्ड, शेवटची चिठ्ठी, सिकलसेल कार्ड, गरोदरपणाचं माता-बाल कार्ड आणि एक्स-रे फिल्म जपून ठेवा. स्टेंट बसवला असेल तर त्याचं कार्डही. ईसीजीची पट्टी थर्मल कागदावर असते, ती ऊन-उष्णतेने पुसट होते. मिळाल्या दिवशीच झेरॉक्स काढा. तिचं लॅमिनेशन मात्र करू नका, गरम रोलरखाली ती सबंध काळी पडते.

आता कामचुकारपणा. कुठेच नसतो असं मी म्हणणार नाही. खोक्यातून न निघालेले संगणकही असतात. पण संगणक आला म्हणजे दवाखाना तयार झाला, हा हिशेब ज्याने काउंटर चालवला नाही त्याचा आहे. लाईट गेल्यावर काउंटर चालवायला १२ व्होल्ट, १५० एएचची (अँपिअर-तासांची) एक बॅटरी घ्या. कागदावर १८०० वॅट-तास. इन्व्हर्टरची गळती आणि बॅटरी पूर्ण उतरवायची नाही हे धरलं की हातात हजार-बाराशे. तीन डेस्कटॉप, राऊटर आणि पंखा मिळून ४०० वॅट धरले तर अडीच-तीन तास, तेही बॅटरी नवी असताना. लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या वर दर १० अंशांना साधारण निम्मं होतं. आपला मे महिना ४४-४५ चा. त्यात कोणी लेझर प्रिंटर त्याच लाईनवर लावला की तो गरम होताना एकदम हजारेक वॅट ओढतो आणि अख्खा काउंटर बंद. अर्थिंग तपासायला तर कोणी येतच नाही; न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टांपेक्षा जास्त दिसले तर आधी वायरमन बोलवा, सॉफ्टवेअरवाल्याला नंतर.

वेळेचंही तेच. सकाळच्या चार तासांत २०० रुग्ण आणि खिडकी एक, म्हणजे माणशी ७२ सेकंद. एका ओटीपीची वाट पाहण्यातच दोन-तीन मिनिटं जातात. क्यूआर कोड स्कॅन करून टोकन घेण्याची सोय बरी आहे, रांग खरंच कमी होते, हे मान्य. पण ती स्मार्टफोन आणि रेंज असलेल्याला. दुसरीकडे एकच नर्सताई गरोदर बाईची नोंद आरसीएच पोर्टलवर, लसीची यू-विनवर, क्षयाची निक्षयवर, साथीची आयएचआयपीवर करते आणि वर रजिस्टरही भरते. प्रयोगशाळेतल्या जुन्या सेल काउंटरला (रक्तपेशी मोजणाऱ्या यंत्राला) फक्त सिरीयल पोर्ट, म्हणजे जुन्या पद्धतीची वायर-जोडणी, असतो; मधलं जोडणीचं सॉफ्टवेअर नसेल तर तंत्रज्ञ आकडे हाताने टंकतो, आणि हिमोग्लोबिन ७.२ चं १२.७ होतं.

आणि कागद पूर्ण बंद करायचाच नसतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला तेव्हा कितीतरी दिवस ओपीडी, भरती, तपासण्या हाताने चालवाव्या लागल्या. तयार दवाखाना म्हणजे ज्याच्याकडे आधीच क्रमांक छापलेले कोरे केसपेपर पेटीत आहेत, लाईट आल्यावर ती नोंद कोण चढवणार हे ठरलंय आणि ज्याचा बॅकअप कधीतरी परत उघडून पाहिलाय.

टेलिमेडिसिनबद्दल जागतिक आरोग्य संघटनेच्या एप्रिल २०१९ च्या मार्गदर्शक सूचना पुरेशा आहेत: डिजिटल साधनं चालत्या आरोग्ययंत्रणेची जागा घेऊ शकत नाहीत. बीपी-शुगरच्या फेरतपासणीला ई-संजीवनी ही सरकारी व्हिडिओ-सल्ला सेवा चांगलीच आहे. पण तोरणमाळच्या पायथ्याला साप चावला तर सर्पविषावरचं इंजेक्शन दवाखान्यात हजर लागतं, व्हिडिओवर नाही. शिवाय पलीकडच्या डॉक्टरला पावरी किंवा भिली या आदिवासी बोली कळत नसतील तर दुभाष्या म्हणून अलीकडे माणूस बसवावाच लागतो.

'आभा नाही तर केसपेपर नाही' हे साफ खोटं. डिसेंबर २०२० च्या आरोग्य डेटा व्यवस्थापन धोरणात हा क्रमांक ऐच्छिक ठेवलाय आणि तो नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. कोणी अडवलं तर वैद्यकीय अधीक्षकांना लेखी द्या.

राहिले पाच लाख. ते आभाचे नाहीत. ते आयुष्मान कार्डाचे, म्हणजे २०१८ च्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचे, कुटुंबाला वर्षाला. दोन्ही नावांत 'आयुष्मान' आलं म्हणून हा घोळ. ते कार्ड आहे का, आजार योजनेत बसतो का, हे योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राच्या टेबलावर आधार आणि रेशनकार्ड घेऊन जाऊन विचारायचं, नाहीतर १४५५५ वर फोन करून.