गावठीक जर्मन कित्याक?

कुत्र्याला परकी भाषा शिकवण्यात मिरवायचं काही नसतं, हे मला आज पणजीत कांपालच्या पदपथावर चार माणसांत सांगावं लागलं. पटलं कुणालाच नाही. माझा कुत्रा गावठी, काळा, एक कान कायमचा पडलेला. आज्ञा मात्र जर्मन. बसायला 'झित्स', आडवं व्हायला 'प्लात्स', पायाशी चालायला 'फूस', तोंडातलं सोडायला 'आउस'.

'ये', 'थांब', 'सोड' हे घरात दिवसभर कुणी ना कुणी कुणाला तरी म्हणतच असतं. कुत्रा दर वेळी उठून येतो, हाती काही लागत नाही, आणि मग तो त्या शब्दाकडे कान देणंच सोडतो. जर्मन शब्द वापरून गुळगुळीत होत नाहीत, एवढाच फायदा. परदेशांतले काही पोलीसही कुत्र्यांना जर्मन आज्ञा देतात, पण त्यांचं गणित वेगळं. जर्मनीहून आणलेला कुत्रा शिकूनच आलेला असतो. त्याला नव्यानं शिकवण्यापेक्षा हवालदाराकडून डझनभर शब्द पाठ करून घेणं स्वस्त पडतं.

"अरे, गावठी सुण्याक जर्मन कित्याक?" मासळी बाजारातून परतणारे एक काका थबकले. हातातल्या पिशवीत बांगडे.

"काका, त्याला भाषा कळत नाही, आवाज कळतो."

"अल्सेशियन असता तर समजलो असतो. ह्याच्या आजोबानं जर्मनी पाहिली काय?"

"नाही."

"मग पोर्तुगीज शिकव रे! आमच्या नातवाचा पासपोर्ट होतोय, लिस्बनला कागद गेले. ह्याचा पणजो एकसष्टच्या आधी, पोर्तुगीज राजवटीत जन्मला असेल तर बघ, ह्याचंही काम होईल."

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण त्यांनी पिशवीसकट हात वर केला आणि पोर्तुगीजमध्ये 'बस' म्हणून ओरडले, "सेंता! सेंता! सेंता!"

कुत्रा बसला.

आता हे नीट समजून घ्या, कारण तिथं कुणी समजून घेतलं नाही. बसायला शिकवायची रीतच अशी आहे: हरभऱ्याएवढा चिकनचा तुकडा नाकाशी धरायचा आणि हळूहळू डोक्यावरून मागे न्यायचा. मान वर गेली की बूड आपोआप खाली टेकतं. टेकल्या क्षणी तुकडा द्यायचा. उशीर झाला आणि तो उठला, तर बक्षीस उठण्याचं ठरतं. हे जमल्यावर शब्द आणायचा. शब्द आधी, हात मागून, आणि शब्द एकदाच. तीनदा म्हटलं की तिसऱ्यांदा ऐकेपर्यंत बसायचं नसतं, हे कुत्रा व्यवस्थित शिकतो. काकांच्या हातात तर अख्खी बांगड्यांची पिशवी होती, तीही बरोबर नाकावरून मागे गेलेली. त्या पिशवीपुढे तो संस्कृतमध्येही बसला असता.

"बघ! रक्तातच आहे," काका म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

गोव्याच्या दमट उन्हात हस्की पाळून त्याला एसीत कोंडणाऱ्याला कुणी विचारत नाही, बाबा, ह्याला कोकणी येते का? त्याच्याबरोबर फोटो काढतात. गावठीनं मात्र आपली पायरी ओळखून असावं. त्यानं दोन शब्द शिकले की मालकाचं डोकं फिरलंय. राग येतो तो ह्याचा, काकांचा नाही. काकांचाही येतो थोडा.

त्यात 'झित्स' आणि 'प्लात्स' दोन्ही 'त्स'वरच संपतात. किनाऱ्यावरच्या वाऱ्यात शब्दाच्या शेपटाचा आवाजच ऐकू जातो, आणि कुत्रा अर्धवट वाकून माझ्याकडे बघत राहतो. 'प्लाऽऽत्स' असं लांबवलं की फरक पडतो, पण मग पाव न्यायला आलेली पोरं मागून नकला करतात. नक्कल फुकट, तुकडा कुणीच देत नाही, म्हणजे हाही शब्द गुळगुळीत व्हायच्या वाटेवर.

शेवटी इशाऱ्यांवर आलो. तळहात वर नेला की बसायचं, जमिनीकडे नेला की आडवं. कुत्र्यांना शब्दापेक्षा हात लवकर कळतो. संध्याकाळी बिल्डिंगच्या आवारात गपचूप सराव चालला होता, तर वॉचमन जवळ येऊन हळूच म्हणाला, "बहिरो काय हो बिचारो? गावठी म्हणून तुम्ही घेतलो, पुण्य लागतलं."